शिलाईचें मोल

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मुख्य गरजांपैकीं पहिलीची सिद्धता अजून बहुतेक घरांत घरींच होते. तिसरीचें काम आपण केव्हांच दुसऱ्यांवर सोंपविलें आहे. दुसरीची स्थिति या दोहोंच्या मधली आहे. दोन पिढ्यांपूर्वीं मुलांचे सदरे, मुलींचीं परकर-पोलकीं, बाजाराच्या पिशव्या हें सारें अनेक घरांत शिवलें जात असे. पुढें तयार कपडे स्वस्त झाले आणि पायानें चालवावयाचें शिवणयंत्र कोपऱ्यांत जाऊन त्याच्या झांकणावर फुलदाणी विराजमान झाली. अलीकडे तें झांकण पुन्हां उघडूं लागलें आहे. सांगानेरी, बगरू, अजरख, कलमकारी अशा छापांचें कापड हौसेनें आणावें आणि त्याचा झगा, सदरा किंवा खांद्याला अडकविण्याची पिशवी आपल्या हातानें शिवावी, असें अनेक सुशिक्षित घरांतून चाललेलें दिसतें. या हौशीचें समर्थनही मोठ्या आत्मविश्वासानें केलें जातें. तिनें पैसा वांचतो, स्वावलंबन येतें, पृथ्वीवरील कचरा कमी होतो, असें म्हणतात. हौस ही हौस म्हणून कोणी केली तर तिला जाब विचारण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्या अंगावर एकदां नीतीचा पोशाख चढविला, कीं तो तिला नीट बसतो कीं नाहीं हें पाहणें भाग पडतें.

मीही या हौशीची भागीदार आहें, आणि तिच्याकडे वळलें तें कांहीं थोर हेतूनें नव्हे. आमच्या गल्लींत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. दोन वर्षांपूर्वीं मीं त्यांच्याकडे अस्तराचें एक पोलकें शिवावयास टाकलें. त्यांनीं शिलाई सहाशें रुपये सांगतांच माझ्या तोंडून निघून गेलें, "अहो मावशी, कापडाचेसुद्धां एवढे झाले नाहींत!" मान वर न करतां त्या म्हणाल्या, "ताई, एकदां स्वतः शिवून बघा." त्या बोलण्यांत राग नव्हता; तरी मला तें झोंबलें. मीं शंभर रुपये कमी करवून घेतले, आणि घरीं येऊन आईचें जुनें यंत्र पुसून, तेल घालून चालूं केलें.

कापड आणलें तें सांगानेरी. पांढऱ्या भूमीवर लालसर बुट्टे. बेतण्यांतच एक संध्याकाळ गेली. कापड उरेब कापलें तर ताणतें, सरळ धाग्यावर कापलें तर तितकें ताणत नाहीं, ही साधी गोष्ट एक गळपट्टी वाया गेल्यावर मला कळली. दुसऱ्या दिवशीं बाह्या बेतल्या, त्या दोन्ही एकाच हाताच्या निघाल्या. अस्तर आणि वरचें कापड एकमेकांवरून सरकूं नये म्हणून आधीं धावदोरा घालावा लागतो. तो न घातल्यामुळें पाठ सुरकुतली, ती सगळी उसवावी लागली. तिसऱ्या रात्रीं हुकांचीं घरें पुरीं झालीं, तेव्हां माझे अकरा तास खर्चीं पडले होते. मावशींच्या सरावलेल्या हाताला याच कामास तीन-चार तास लागत असतील. सहाशें रुपयांतून अस्तर, दोरा, हूक, वीज आणि खोलीचें भाडें वजा केल्यावर त्यांच्या हातांत काय उरतें, हा हिशेब मीं त्या रात्रीं आयुष्यांत प्रथम केला. ज्या सहजतेनें मीं शंभर रुपये तोडले होते, ती सहजता त्या हिशेबांत कोठेंच बसेना.

या अनुभवाच्या उजेडांत वर सांगितलेलीं समर्थनें तपासून पाहूं. पैसा वांचतो हें समर्थन तर पहिल्या पोलक्याबरोबरच निकालांत निघालें. आपल्या वेळेची किंमत शून्य धरली तरच हा जमाखर्च जुळतो. आणि जी गृहिणी आपला वेळ शून्य धरते ती दुसरीच्या वेळेचीही किंमत शून्याजवळच धरते. शिवाय सुंदर छापाचें कापड आणण्याचा वेग शिवण्याच्या वेगापेक्षां नेहमींच अधिक असतो. माझ्या कपाटांत आज सात तुकडे घडी न मोडतां पडले आहेत. हिला काटकसर म्हणणें म्हणजे शब्दाचा अपमान आहे.

स्वावलंबनाची गोष्ट याहून नाजूक. मीं पोलकें शिवलें हें खरें. पण कापूस पिकविला दुसऱ्यानें, सूत कांतलें नि विणलें तिसऱ्यानें, ठसा उमटविला चवथ्यानें, आणि ज्या यंत्रावर मी बसलें तें ओतलें कारखान्यानें. १९२४ सालीं यंत्रांविषयीं झालेल्या एका संवादांत गांधीजींनीं आपल्या टीकेला शिवणयंत्राचा अपवाद केला होता. त्यावर प्रश्न निघाला, कीं हें यंत्र करण्यास कारखाना लागेलच, मग त्याचें काय? गांधीजींनीं ती अडचण नाकारली नाहीं. असे कारखाने खासगी नफ्यासाठीं न चालतां राष्ट्राच्या ताब्यांत असावेत, असें त्यांचें उत्तर होतें. म्हणजे स्वावलंबनाच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्यालाही सुईच्या मागें उभा असलेला कारखाना दिसत होता. आपल्यालाच तो दिसूं नये, याला कारण आपला अहंकार.

छापाच्या कापडाचा इतिहास पाहिला म्हणजे तर 'हें माझ्या हातचें' हें म्हणणें फारच धिटाईचें वाटूं लागतें. मंजिष्ठेचा लाल रंग नुसत्या कापसावर टिकत नाहीं. आधीं तुरटीच्या द्रावणाचे ठसे उमटवावे लागतात. मग कापड रंगांत उकळलें कीं जेथें तुरटी लागली असेल तेथेंच तो पक्का बसतो. लोहाच्या पाण्याचे ठसे असतील तेथें काळा रंग येतो. ही विद्या आपल्या कारागिरांना शतकानुशतकें अवगत होती. आपलें 'चीट' आणि इंग्रजांचें 'चिंट्झ' हे एकाच कुळींतले शब्द. सतराव्या शतकांत हें कापड युरोपांत इतकें लोकप्रिय झालें, कीं फ्रान्सनें १६८६ सालीं त्याच्यावर बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली. आणि इंग्लंडनें १७२१ सालीं कायदा करून बहुतेक प्रकारचें छापील सुती कापड अंगावर घालणेंच गुन्हा ठरविलें. त्या कायद्यापूर्वीं, १७१९ सालीं, लंडनच्या विणकरांनीं चिटाचे झगे घातलेल्या बायकांना भर रस्त्यांत गांठून ते झगे फाडले, त्यांच्यावर शाई फेकली. विणकरांची भूक खरी होती, आणि त्या बायकांची विटंबनाही खरी होती. ज्या कारागिरांनीं तीं फुलें छापलीं, ते सात समुद्रांपलीकडे होते. त्यांचा विचार या भांडणांत दोन्ही पक्षांपैकीं कोणीच केला नसावा. पुढें १७८३ सालीं रुळांवर कापड छापण्याचें यंत्र निघालें, आणि एकोणिसाव्या शतकांत प्रवाह उलटून विलायती चीट आमच्या बाजारांत येऊं लागलें. तेव्हां भूक येथल्या ठसेवाल्यांच्या वांट्याला आली. तात्पर्य, सुंदर छापाचें कापड पूर्वींही निरागस नव्हतें. त्यावरील फूल कोणाच्या ना कोणाच्या पोटाशीं बांधलेलें होतें.

उरला कचऱ्याचा मुद्दा. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हांपासून कापडी पिशवी ही सदाचरणाची खूण होऊन बसली आहे. पण त्याच वर्षीं डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानें प्रसिद्ध केलेला एक अभ्यास पाहावा. हवामानावरील परिणामापुरतेंच बोलावयाचें, तर साध्या कापसाची पिशवी सुमारें ५२ वेळां वापरावी, तेव्हां ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. सर्व प्रकारचे परिणाम जमेस धरले तर हा आंकडा सुमारें ७१०० वर जातो. म्हणजे रोज एक याप्रमाणें एकोणीस वर्षें! नवें कापड आणून दर महिन्यास नवी पिशवी शिवणारी हौशी बाई पृथ्वीवर कांहीं विशेष उपकार करते, असें यावरून दिसत नाहीं. याउलट आमची आजी विरलेल्या लुगड्यांची गोधडी करीत असे आणि गोधडी फाटली कीं तिचें पायपुसणें होई. तिनें पृथ्वीचें नांवही घेतलें नाहीं. पण कापडाचा शेवटचा धागा संपेपर्यंत तिनें त्याला सोडलें नाहीं.

तर मग या उद्योगाला नैतिक मोल कांहींच नाहीं काय? माझ्या मतें आहे. परंतु तें शिवलेल्या वस्तूंत नाहीं, शिवणारीला होणाऱ्या ज्ञानांत आहे. दुकानांतील सदरा घडी घालून, टांचण्या लावून समोर येतो, तेव्हां तो झाडाला फळ लागावें तसा आपोआप झालेला वाटतो. ज्यानें एकदां बाही लावली आहे त्याला ती भूल पडत नाहीं. शिवणाच्या कामांत मनुष्याच्या हातांची जागा यंत्रानें अद्याप पुरती घेतलेली नाहीं; यंत्र टीप मारतें, पण कापड वळविणारे हात लागतातच. १९११ सालच्या मार्चमध्यें न्यूयॉर्क येथील कपड्यांच्या एका कारखान्यास आग लागून १४६ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या, आणि बाहेर पडण्याचें एक दार कुलूपबंद होतें. २०१३ सालच्या एप्रिलमध्यें ढाक्याजवळ सावार येथें कपड्यांचे कारखाने असलेली आठमजली इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें दगावलीं. इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशींच दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावण्यांत आलें. या बातम्या मींही वाचल्या होत्या आणि हळहळून पान उलटलें होतें. पोलक्याची पाठ तीनदां उसवल्यानंतर त्या मला निराळ्या कळल्या.

येथें दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं वस्तूचें मोल कळण्यास ती स्वतः केलीच पाहिजे काय? तसें म्हटलें तर प्रत्येकानें नांगर धरावा, भिंत बांधावी, चुलीचें मडकेंही घडवावें! याला उत्तर आपल्याच भाषेंत आहे: शितावरून भाताची परीक्षा होते. एक काम मुळापासून केलें म्हणजे इतर कामांकडे पाहण्याची दृष्टि येते. मात्र त्या दृष्टीनें वागलें पाहिजे. सर्वांनीं घरींच शिवावयाचें ठरविलें तर मावशींची आणि ढाक्याच्या मुलींची भाकरी जाईल. तेव्हां विकत घेणें बंद करणें हा या ज्ञानाचा निष्कर्ष नव्हे. थोडें घ्यावें, पुष्कळ दिवस वापरावें आणि मागितलेली रास्त शिलाई कुरकुर न करतां द्यावी, एवढाच तो आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे, आणि तो माझ्या आत्यानें घेतला. अकालीं वैधव्य आल्यावर तिनें तीस वर्षें लोकांचे कपडे शिवून दोन मुलें वाढविलीं. रमाबाई रानड्यांनीं पुण्याच्या सेवासदनांत, किंवा इतरांनीं ठिकठिकाणीं, निराधार स्त्रियांना शिवण शिकविलें तें अशाच प्रपंचासाठीं. तिच्या पिढीला सुई म्हणजे हौस नव्हती, आधार होता. मीं शिवलेली कलमकारीची पिशवी मोठ्या कौतुकानें तिला दाखविली. तिनें ती हातांत घेतली, पट्ट्याचा जोड ओढून पाहिला आणि म्हणाली, "छान झाली आहे. पण तुला कंटाळा आला कीं तूं उठतेस. मला उठतां येत नव्हतं."

या वाक्यापुढें श्रमाच्या पावित्र्याविषयींचीं पुष्कळशीं व्याख्यानें फिकीं पडतात. ज्या कामांतून उठण्याची मोकळीक असते तेंच काम आनंद देतें; आणि ही मोकळीक आपण मिळविलेली नसते, बहुधा ती दुसऱ्या कोणाच्या न उठण्यावर उभी असते. म्हणून हौसेनें शिवणारीनें मुलींना शिवणाचा उपदेश करूं नये, आणि स्वतःला कारागीरही म्हणवूं नये.

मग सौंदर्याचें काय? तेंही खोटें नाहीं. दोन तुकड्यांच्या जोडावर एक फूल अखंड जुळून आलें म्हणजे जो आनंद होतो तो कोणी पाहत नसतांही होतो. तेवढा निर्भेळ आनंद आयुष्यांत फारसा मिळत नसल्यामुळें मी तो सोडणार नाहीं. फक्त त्याला सद्गुण म्हणण्याचें मीं सोडलें आहे.

गेल्या महिन्यांत मी मावशींकडे पुन्हां गेलें, अंगांत तेंच पोलकें घालून. त्यांनीं हात उचलावयास सांगितलें. "काखेंत ओढतंय. बाकी बरं आहे," असा त्यांनीं अभिप्राय दिला. मीं नवें कापड पुढें केलें आणि शिलाई विचारली. ती आतां सातशें झाली आहे. खरें सांगावयाचें तर घासाघिशीचे शब्द संवयीनें जिभेच्या टोंकापर्यंत आले. मीं ते गिळले, आणि दोन वर्षांपूर्वींचे शंभर त्यांत मिळवून आठशें रुपये त्यांच्या पुढ्यांत ठेवले. त्यांनीं ते मोजले, शंभराची नोट बाजूला काढून माझ्याकडे सरकविली आणि म्हणाल्या, "ताई, सातशेंच झाले." मी ती नोट घेऊन घरीं आलें. ती अजून यंत्राच्या खणांत, बॉबिनींच्या डब्याखालीं आहे.