निसर्गचित्र आणि निर्माता

घरातील मुलगी डोंगर, नदी, झाडे रंगवू लागली की अनेक आईवडिलांच्या मनात शंका येते : हे दीनमध्ये बसते काय? घरातील कोणीतरी ‘चित्र काढणे हरामच’ एवढे बोलून मोकळे होतात आणि मूल रंगपेटी लपवू लागते.

वाचकहो, सहीह बुखारीमधील एक प्रसंग येथे आठवावा. चित्रे काढून पोट भरणारा एक मनुष्य ह. अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. चित्र घडविणाऱ्याला त्यात प्राण फुंकण्यास सांगितले जाईल व ते त्याला कधीही साधणार नाही, ही प्रेषितांची (स.) ताकीद त्यांनी ऐकविली. त्या मनुष्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा ते म्हणाले की हाच उद्योग करायचा असेल, तर झाडे आणि निर्जीव वस्तू काढ. एक दार बंद करताना त्या कारागिराची रोजी ते विसरले नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

ही वाट पुढे किती रुंद झाली ते दमास्कसच्या उमय्या मशिदीत दिसते. खलीफा वलीद (कारकीर्द इ.स. ७०५ ते ७१५) यांनी ती बांधविली. अंगणाच्या पश्चिमेकडील भिंतीवर रंगीत व सोनेरी तुकड्यांचे तीस मीटरहून लांब चित्र आजही आहे. खाली वाहते पाणी, काठावर उंच वृक्ष, मधून घरे आणि महाल. माणूस नाही, पशुपक्षी नाही. ही दमास्कसची बरदा नदी की जन्नतचे सूचन, यावर विद्वानांचे एकमत नाही.

दहाव्या शतकातील भूगोलकार मुकद्दसी या मशिदीवर लुब्ध होते. तरीही त्यांनी आपल्या चुलत्यांना विचारले की वलीद यांनी हे धन रस्ते, पाण्याची टाकी आणि किल्ले यांवर खर्चिले असते तर बरे झाले नसते काय? चुलत्यांचे उत्तर असे, की शामदेशातील भव्य चर्च पाहून मुसलमानांची मने दिपू नयेत म्हणून ही मशीद उभारली. उत्तर चतुर आहे. पण मला पुतण्याचा प्रश्न अधिक वजनदार वाटतो.

मुलीच्या रंगपेटीने मात्र कोणाचे पाणी अडत नाही. उलट, सूरह गाशियामध्ये आकाश, पर्वत आणि पसरलेली धरती यांकडे पाहावयास सांगितले आहे, आणि आपण एसटीच्या खिडकीतूनही मोबाईलच पाहतो. डोंगर रंगविणाऱ्याला डोंगर पाहावाच लागतो. श्रावणातल्या सह्याद्रीचा हिरवा रंग एक नाही आणि पेटीतला एकही त्याच्याशी जुळत नाही, हे तिला दहा मिनिटांत कळते. निर्मात्यापुढे आपण कोण, हा धडा तिला व्याख्यानावाचून मिळतो.

तरीही निर्जीव म्हणजे निर्धोक असे नव्हे. नक्षीदार चादरीने नमाजमध्ये लक्ष वेधले, म्हणून प्रेषितांनी (स.) ती अबू जहम (रजि.) यांच्याकडे पाठवून त्यांची साधी चादर मागविली. तेव्हा मुलीचा डोंगर बैठकीच्या खोलीत जरूर लावा. किब्ल्याच्या भिंतीवर नको.