सरकीची कातडी

वणीपासून दारव्ह्यापर्यंत यवतमाळ जिल्ह्याच्या बाजारपेठा ज्या पांढऱ्या सोन्यावर उभ्या राहिल्या, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बियाण्याच्या कातडीवरचे केस आहेत. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी होय. फूल उमलते त्या दिवशी, पाकळ्या अजून पांढरट असतानाच, बीजांडाच्या सर्वांत बाहेरच्या थरातील काही पेशी फुगू लागतात, पुढील दोन-अडीच आठवड्यांत लांबत जाऊन सुमारे तीन सेंटिमीटर होतात, मग त्यांच्या भित्तिकेवर सेल्युलोजचे थर चढतात, पेशी मरते आणि बोंड फुटल्यावर उरते ती रुई. हे स्थित्यंतर त्या थरातील साधारण एकचतुर्थांश पेशींच्याच वाट्याला येते. शेजारच्या पेशींत नेमकी तीच जनुके असूनही त्या सपाट राहतात.

ही निवड कशी होते, हा जनुक-नियमनाचा प्रश्न आहे. पेशीजवळच्या जनुकांपैकी कोणती, केव्हा आणि किती प्रमाणात कामाला लागावीत हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे जनुक-नियमन, आणि डीएनएच्या ठरावीक जागी चिकटून जवळचे जनुक चालू किंवा बंद करणारी काही प्रथिने ही त्या व्यवस्थेतील मुख्य कारभारी. ‘मायब’ या कुळातील अशा एका प्रथिनाची निर्मिती ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कापसाच्या झाडात दाबून टाकली, तेव्हा सरकी धरली, पण तिच्यावर तंतू आलेच नाहीत. लव हरवलेल्या अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या गोतातील रोपट्यात कापसाचे याच कुळातील जनुक घातल्यावर पानांवर लव परतली, असे चिनी संशोधकांनी 2004 साली दाखवले.

प्राण्यांच्या त्वचेची वंशावळ निराळी असली तरी कोडे याच जातीचे आहे. ‘पी-63’ हे नियामक जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पिलांना थरांची त्वचा येत नाही आणि अंगातील पाणी उडून जाऊन ती जन्मानंतर लगेच मरतात, हे 1999 मध्ये उघड झाले. महाराष्ट्रात त्वचेच्या घडणीचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील महेंद्र सोनवणे यांचे काम लक्षणीय आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे, नोबेलविजेत्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी झेब्राफिश या बोटभर माशाची त्वचा अभ्यासायला घेतली आणि ‘पेनर’ नावाच्या सदोष वाणात तळच्या पेशींना खालच्या पटलाशी जखडून ठेवणारे टाके, म्हणजे हेमिडेस्मोसोम, नीट तयार होत नाहीत व पेशींच्या वाढीवरचा लगामही सुटतो, हे 2005 मध्ये मांडले. पुढे मुंबईत त्यांच्या गटाने त्वचेच्या वरच्या पेशींवरील सूक्ष्म कंगोऱ्यांची लांबी कशी आवरली जाते याचा शोध घेतला. पेशीला आपली आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे कळते कसे, या साऱ्यामागच्या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे घालवण्यात जो संयम लागतो, त्याची किंमत निकालाची घाई असलेल्या धोरणकर्त्यांना क्वचितच कळते.

यवतमाळच्या शेतात मात्र जनुकाची चर्चा ‘घातले की नाही’ एवढ्यावरच अडकून राहिली. 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसात बोंडअळीविरुद्धचे जिवाणूचे विषजनुक आहे, आणि ते झाडाच्या सर्व भागांत सदैव चालू राहावे म्हणून त्याला एका वनस्पती-विषाणूची कळ जोडलेली आहे. तरीही नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती व सहकाऱ्यांनी मोजमाप केले, तेव्हा पानांत पुरेसे असलेले ते विष फुलाच्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी भरले, आणि पीक जुने होईल तसे आणखी घटत गेले. अळी शिरते ती सालीतून. जनुक प्रत्येक पेशीत हजर होते, पण जिथे गरज अधिक तिथेच त्याचा आवाज क्षीण होता.

बोंडअळीसाठी असो वा रसशोषक किडींसाठी, फवारणी सुटली नाही. 2017 च्या पावसाळ्यात जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. विष श्वासावाटे गेले, तसेच त्वचेवाटेही. मानवी त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्याने भरलेल्या असतात. या द्रव्यामुळे अंगातले पाणी बाहेर जात नाही, पण तेलात विरघळणाऱ्या कीटकनाशकाला तीच वाट सोयीची ठरते, आणि छातीएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन तासन् तास फिरणाऱ्या मजुराचा ओला सदरा ते द्रावण दिवसभर अंगाला चिकटवून ठेवतो.