देहाने घेतलेले दर्शन

कुळगावाशेजारी अंबरनाथ येथे वालधुनी नदीकाठी उभे असलेले, शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हा काळ नोंदवलेले शिलाहारकालीन शिवमंदिर, घडवलेल्या निसर्गात माणसाला राहता येते का, या प्रश्नाचे दगडी उत्तर आहे. भूमिज शैलीत, म्हणजे लहान शिखरांच्या उभ्या रांगांनी मुख्य शिखर रचण्याच्या पद्धतीत, बाहेरून पर्वताचे रूप साकारते. आत मात्र मंडपातून पायऱ्या उतरून, गुहेत शिरावे तसे, खोल गर्भगृहात जावे लागते आणि तेथून वर उघडे आकाश दिसते. पर्वत दुरून पाहता येतो, परंतु गुहेचा गारवा देहालाच कळतो. म्हणून दर्शन ही केवळ डोळ्यांची क्रिया नसून, अनंताला सामोरे जाताना सबंध देहाने केलेली उपासना ठरते.