उभ्याचे दुखणे

“आपल्याला कंबर आहे हे माणसाला साठी उलटल्यावर कळतं,” असे आमची आत्या म्हणते. तिचे सारे आयुष्य पोलादपूरच्या डोंगरात गेले. आवणाला वाकायचे, डोक्यावर मोळी नाहीतर हंडा घेऊन चढण चढायची, यात कंबर म्हणून काही निराळे असते याची दखल घ्यायला तिला सवड कुठली? पंचाहत्तरीला आल्यावर मात्र त्या कमरेने मागली सारी बाकी वसूल करायला आरंभ केला. अंगणातून विहिरीपर्यंत जायचे तर वाटेत दोनदा बसावे लागे.

मी शहरात राहणारा भाचा. आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून तिला गाडीत घालून वरंध घाटाने पुण्याला नेले आणि एमआरआय काढवला. त्या खडखडणाऱ्या बोगद्यात बिचारी निश्चल पडून राहिली. अहवाल आला: वयोमानाप्रमाणे झीज, विशेष काही नाही. मला हायसे वाटले. आत्याला वाटले नाही. परतताना ती म्हणाली, “अरे बाळा, निजले म्हंजे माझं कुठं दुखतं? उभं राहिलं की दुखतं. आणि त्यांनी तर मला निजवूनच फोटू काढला.”

ते बोलणे मी हसण्यावारी नेले, याची आज लाज वाटते. कारण पुढे महाडच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो हाच: “आजी, केव्हा दुखतं?” मग त्यांनी साधेच एक्स-रे काढवले, पण उभ्याने आणि बाजूने, एक पुढे वाकवून, एक मागे रेलून. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरताच कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकतो आहे हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसले. म्हातारपणी, त्यातून बायकांत, सरकण्याची ही नेहमीची जागा. मणक्यांमधली गादी झिजते, मागचे सांधे सैलावतात आणि वाकता-उठता वरचा मणका जागा सोडतो. तीन-चार मिलिमीटरहून अधिक हलला तर डॉक्टर त्याला अस्थिर म्हणतात. माणूस आडवा झाला की अंगाचा भार उतरतो आणि तो मणका पुष्कळदा निमूट जाग्यावर जाऊन बसतो. एमआरआय खोटे बोलला नव्हता. नस कुठे दाबली जाते, गादीत ओल किती उरली, हे त्याच्याइतके चांगले साध्या एक्स-रेला सांगता येत नाही. आम्ही त्याला निजलेल्या आत्याविषयी विचारले, त्याने निजलेल्या आत्याविषयी सांगितले.

महाडच्या माणसाला हे समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोक्याचा नाही असे ठरले होते. मे महिन्यातली सावित्री ती!

म्हणून दिसेल त्या म्हाताऱ्याला वाकवून फोटो काढावा, असे मात्र मी म्हणणार नाही. फोटोची दुसरी खोड अशी की तो न विचारलेलेही सांगून टाकतो. पाठीचे कसलेही दुखणे नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र मांडून काढलेला निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. पिकलेले केस पाहून रोग ठरवावा तसाच हा प्रकार. धडधाकट म्हातारा आपला शेतावर जात असतो; त्याला फोटो दाखवून अंथरुणाला खिळवण्यात काय पुण्य आहे?

शिवाय फोटोत पैसा असतो. विंचूदंशावरील उपचारांमुळे जगभर माहीत झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एक रुग्ण एमआरआयसाठी पाठवला होता, त्याचे हे बक्षीस. डॉक्टरांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रारही केली. ही हकीकत कळल्यापासून कमिशन घेणाऱ्यांना मी मनसोक्त शिव्या घालत आलो. आत्याच्या फोटोनंतर जीभ जरा अडखळते. मला कोणी धनादेश दिला नाही हे खरे. पण “भाच्यानं थेट पुण्याला नेऊन मोठा फोटू काढला,” हे वाडीत चार तोंडी झाले, ते मला गोड लागलेच की! ‘करायचे ते सारे केले’ अशी स्वस्थता मी त्या अहवालाबरोबर घरी आणली, तीही एक वसुलीच. घाटातली वळणे मात्र आत्याच्या कमरेने सोसली.

महाडच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, कमरेला पट्टा दिला, पाय दुबळे वाटू लागले तर ताबडतोब या, मग शस्त्रक्रियेचा विचार करू, म्हणाले. आणि हंडा उचलायचा नाही, हे दोनदा बजावले. आत्याने सगळे ऐकून घेतले. बाहेर आल्यावर तिने मला दोन्ही ठिकाणच्या फोटोंचा खर्च विचारला. मी सांगितला. बोटांवर तिचा काही हिशेब बराच वेळ चालला होता.

“पुण्याच्या त्या पैशात,” ती म्हणाली, “विहिरीवर पंप बसला असता रे.”

घरी परतण्याआधी मी महाडच्या बाजारात पंपाची किंमत विचारून आलो.