साक्षी आणि शुश्रूषा

छांदोग्योपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांच्या भांडणाची एक कथा आहे. श्रेष्ठ कोण, ही फिर्याद घेऊन ती सारी प्रजापतीकडे गेली; ज्याच्या जाण्याने शरीराची दशा सर्वांत हीन होईल तो श्रेष्ठ, असा निवाडा त्याने दिला; मग वाणी, चक्षू, श्रोत्र आणि मन ही एकामागून एक वर्षभर परागंदा होऊन परतली, तरी मुक्याचा, आंधळ्याचा, बहिऱ्याचा का होईना, संसार चालूच राहिला होता; पण प्राण निघण्याच्या बेतात येताच, जातिवंत घोड्याने दावणीच्या मेखा उपटाव्यात तशी बाकीची सारी मुळापासून उखडू लागली. तरुणपणी वाचली तेव्हा मला ही कथा निर्विवाद वाटली होती. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, धायरी या भागांत जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोमची) साथ उसळली, रोग्यांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली, आणि त्यांतल्याच एका स्नेह्याच्या उशाशी भेटीच्या वेळात उभे राहण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मात्र या दाव्यात एक पक्षकार गैरहजर राहिला होता, असे मला प्रथमच वाटले.

गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तिघांनी १९१६ साली दोन फ्रेंच सैनिकांच्या दुखण्यावरून या व्याधीचे वर्णन केले. (तिसऱ्याचे नाव पुढे गळाले, शास्त्राच्या दप्तरातूनही माणसे अशी गहाळ होतात.) पोटातला एखादा किरकोळ वाटणारा संसर्ग ओसरतो, आणि त्याच्याशी लढायला निघालेले शरीराचे सैन्य भ्रमाने आपल्याच मज्जातंतूंवर चालून जाते, तंतूंवरचे वेष्टन झिजते आणि मेंदूने सोडलेले हुकूम स्नायूंपर्यंत पोचेनासे होतात. अशक्तपणा बहुधा पायांकडून वर चढतो. आमच्या स्नेह्याला परिचारिका रोज एका श्वासात आकडे मोजायला लावी. पहिल्या दिवशी तिशीपर्यंत गेलेला हा मनुष्य तिसऱ्या दिवशी बारावर थांबला, आणि त्या रात्री त्याचा श्वास यंत्राच्या हवाली झाला. जाणीव मात्र तसूभरही ढळली नव्हती. तो सारे ऐकत होता, समजत होता, आणि वेदनाही भोगत होता.

न करणारा, केवळ पाहणारा साक्षी हे आपल्या दर्शनांनी फार उंचावर ठेवलेले पद आहे. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे, आणि वेदान्ताची सारी खटपट कर्तेपणाचा अभिमान गळावा यासाठी आहे. साधकाला जन्मभरात जे साधत नाही ते, म्हणजे कर्तृत्वाची संपूर्ण जप्ती, या रोगाने तीन दिवसांत करून दाखवले. मग हा मनुष्य मुक्तीच्या जवळ सरकला असे म्हणावे काय? लादलेले अकर्तृत्व वेगळे आणि मिळवलेले वेगळे, हे वेदान्त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. परंतु या रोग्याच्या डोळ्यांतली भीती पाहिलेल्याला ते पुरतही नाही. कचेरीत साक्षीचे मोल ती नोंदवून घेणारा कोणी असेल तोवरच असते. नुसते पाहत पडून राहिलेल्या त्या माणसाला वैराग्याची उणीव नव्हती. त्याची जबानी घेणाराच कोणी नव्हता.

चरकाने सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाला उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हवी. रोग्याच्या चार गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे, मोजलेले आहे. येथे तर घशात नळी होती आणि हात लुळे होते. ज्ञापकत्वच हरपले होते. त्याची भरपाई चौथ्या पादाकडून तिसऱ्याकडे जाते, आणि म्हणूनच आपल्या भाषेने या कामाला दिलेला शब्द मला विलक्षण वाटतो. शुश्रूषा म्हणजे व्युत्पत्तीने ऐकण्याची इच्छा. सेवा करणारा आधी ऐकणारा असतो, हे व्याकरणाने केव्हाच लिहून ठेवले आहे.

ही इच्छा मी क्षुद्र वाटणाऱ्या कामांत पाहिली. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड तपासायचे, पाऊल खाली लोंबू नये म्हणून त्याला आधार द्यायचा, नळीतून अन्न देताना खाटेची शिराकडची बाजू उंच ठेवायची, आणि श्वासनलिकेतला कफ ओढताना एक डोळा सतत पडद्यावर ठेवायचा, कारण हृदयाचा ठोका राखणारे तंतूही या व्याधीत बिघडतात आणि नाडी एकाएकी मंदावू शकते. हात लावण्यापूर्वी परिचारिका प्रत्येक वेळी सांगे, "काका, आता डाव्या कुशीवर घेतेय हं." उत्तर येणार नाही हे माहीत असताना अनुमती मागणे हा मला शिष्टाचाराहून मोठा धर्म वाटला. १९५२ साली कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत यंत्रे अपुरी पडली तेव्हा इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेने सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या हाताने दाबून रोग्यांना श्वास पुरवला. त्या दिवसांत कितीएकांचा प्राण परक्याच्या मुठीत वसतीला होता. प्रजापतीपुढे हा परका उभा राहिला असता तर निवाडा कसा झाला असता, कोण जाणे.

पाचव्या आठवड्यात संभाषणाची एक युक्ती निघाली. पापण्या शाबूत होत्या. परिचारिका वर्ग म्हणे, क, च, ट, त, प, य, आणि हव्या त्या वर्गावर तो डोळे मिटे. मग वर्गातले अक्षर. काना-मात्रा ऐकणाऱ्याने भरायच्या. आपली वर्णमाला मुखातील स्थानांप्रमाणे रचणाऱ्या प्राचीनांना हा उपयोग सुचला नसेल. मी उभा असताना पहिले अक्षर 'प' निघाले, आणि खाटेभोवतालचे आम्ही सारे एकदम उद्गारलो, पाणी! घरच्यांपैकी एकाने तर, नळीतून पाणी देता येईल का, असे विचारलेही. रोग्याने डोळे टक्क उघडे ठेवले. ती आम्हांकडे न पाहता पुन्हा पहिल्यापासून सावकाश म्हणू लागली: क, च, ट, त, प, य. 'य'वर पापण्या मिटल्या. तिने पायथ्याकडे जाऊन चादर उचलली. उजव्या टाचेखाली कापडाची एक घडी दाबून राहिली होती.