दडविणे आणि फसविणे

७ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील एका पारितोषिक समारंभात ‘द फँटम पेन’ या व्हिडिओ गेमची छोटीशी पूर्वझलक, म्हणजे ट्रेलर, दाखविण्यात आला. एक हात गमावलेला माणूस रुग्णालयातून सरपटत निघाला आहे, ज्वाळांचा एक अजस्र देवमासा झेपावतो आहे, असे काहीसे दृश्य. निर्माता म्हणून ‘मोबी डिक स्टुडिओ’ या कोणी न ऐकलेल्या स्वीडिश संस्थेचे नाव होते; तिचा प्रमुख जोआकिम मोग्रेन.

रसिकांनी ती चित्रफीत थांबवून थांबवून न्याहाळली. शीर्षकाच्या अक्षरांभोवती काही तुटक रेघा होत्या. त्या जागी ‘मेटल गियर सॉलिड’च्या पाचव्या भागाचे नाव ठेवले तर ते नेमके बसत होते. ‘जोआकिम’ची रोमन अक्षरे फिरवली की ‘कोजिमा’ होते, आणि हिदेओ कोजिमा हेच त्या गाजलेल्या जपानी मालिकेचे कर्ते. मार्च २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच हे रहस्य उघड केले.

हा पोरखेळ म्हणून सोडून देता येईल; पण मला त्यात आपल्या मीमांसकांची अर्थापत्ती दिसते. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवत असलाच पाहिजे. मात्र येथे दोन गोष्टी आधी पक्क्या हव्यात : देवदत्त खरोखरच लठ्ठ आहे, आणि दिवसा खरोखरच उपाशी आहे. रेघांचा तर्क या कसोटीस उतरतो. अक्षरे बसली नसती, तर तो तेथेच कोसळला असता.

आता कर्त्याची बाजू. याच मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या, २००१ मध्ये गेम बाजारात येण्यापूर्वीच्या ट्रेलरांत ‘स्नेक’ हा लाडका नायक सर्वत्र मिरवत होता. प्रत्यक्षात आरंभीच्या भागानंतर खेळणाऱ्याच्या हाती येतो तो ‘रायडेन’ नावाचा नवखा तरुण. इतकेच नव्हे, तर रायडेनच्या काही प्रसंगांत ट्रेलरपुरते स्नेकला उभे केले होते. पुष्कळांना ही चतुराई वाटली. मला ती वाटत नाही. रहस्यकथेत लेखकाने खोटा माग दाखवावा, कारण पुस्तक उघडतानाच वाचकाने तो करार मान्य केलेला असतो. ट्रेलर मात्र कलाकृतीच्या उंबऱ्याबाहेर, बाजारात उभा असतो. सरकारी नोकरीत माहिती राखून ठेवणे आणि खोटी माहिती देणे या दोन गोष्टी आम्ही कधी एका मापाने मोजल्या नाहीत. निविदेत सर्व काही सांगावे लागत नाही. पण जे सांगितले ते खरे असावे लागते. मोबी डिकचे सोंगही या मापाने काठावरच उभे आहे. ते गेम विक्रीस येण्याच्या पुष्कळ आधी उतरले आणि त्यात कोणाचा पैसा गुंतला नाही, एवढीच त्याची सोय.

परंतु अशा कर्त्याचा रसिकांवर होणारा परिणाम मला अधिक अस्वस्थ करतो. पाचवा भाग १ सप्टेंबर २०१५ रोजी आला. कथा दोन प्रकरणांनंतर अपुरी संपल्यासारखी वाटे. गेमच्या संगणकीय फायलींत तिसऱ्या प्रकरणाचे नुसते शीर्षक सापडले, आणि ते प्रकरण कोठेतरी दडलेले आहे अशी अनेकांची खात्री झाली. जुन्या ट्रेलरांची पुन्हा चिरफाड सुरू झाली. कर्ता गप्प राहिला, तर तो लपवीत आहे. निर्मात्यांनी नाकारले, तर तोही डावाचाच भाग. या तर्काला कोसळण्याची जागाच उरली नव्हती. येथे देवदत्ताचा लठ्ठपणा कोणी तपासला नव्हता, तरी रात्रीच्या जेवणाचे ताट मात्र वाढले जात होते. या लोकांना मी निर्बुद्ध म्हणणार नाही. एकदा रेघांत खरोखर नाव सापडलेल्या माणसाने पुढे रिकाम्या जागेवर विश्वास कसा ठेवावा?

आणि त्यांचा संशय सर्वस्वी निराधारही नव्हता. गेमच्या विशेष आवृत्तीसोबतच्या तबकडीवर कथेचा एक अर्धवट, गाळलेला प्रसंग दाखविलेला होता. काहीतरी राहून गेले होते, हे त्यातून उघड होते. दडविलेले मात्र ते नव्हते. ते पुरे झालेच नव्हते.