उपवासाला ही गोळी चालते का?

आमचं औषधांचं दुकान औरंगपुऱ्यात आहे. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, ‘ताई, ही उपवासाला चालते का?’ ही म्हणजे थायरॉइडची गोळी. बीपीच्या गोळीबद्दल असं कुणी फारसं विचारत नाही. थायरॉइडची गोळी मात्र पहाटे अनशापोटी घ्यायची असते, नेमकी त्याच वेळी बाई अंघोळ करून देवापुढे बसायच्या तयारीत असते. देवाच्या आधी आपल्या पोटात काही जावं, हेच कित्येकींना खुपतं.

मी स्वतः ही गोळी घेते, धाकट्याच्या बाळंतपणानंतर सुरू झाली. घरात घटही बसवते. म्हणून हा प्रश्न मला कधी खुळा वाटला नाही. ज्या शरीराने व्रत करायचं, त्या शरीराचं देणं व्रतात धरायचं की नाही, असं या बायका विचारत असतात. डॉक्टरांच्या केबिनमध्ये हे विचारायची सोय नसते. मग तो प्रश्न माझ्यापुढे येतो.

गोळीबद्दल इतरही मतं कानावर पडतात. ‘एकदा लागली की सुटत नाही म्हणे.’ ‘धन्याचं पाणी घेऊन बघते दोन महिने.’ कुणी कांचनार गुग्गुळ मागतं, कुणी सर्वांगासनावर विसंबतं. मी कुणाला हसत नाही. ‘कायमची घ्यावी लागेल’ हे वाक्य ऐकून तिशीतली बाई हबकते, यात नवल काय? काहींच्या बाबतीत ते खरंही नसतं. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथी पुष्कळदा आपोआप सावरते, आणि टीएसएच थोडाच वाढलेला असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात, विशेषतः वय झालेल्यांच्या बाबतीत. पण शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटून ती निकामी झाली असेल, तर धन्याच्या पाण्याने ती परत येत नाही. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये या ग्रंथीच्या आजाराचं वर्णन केलं. पुरुषांपेक्षा बायकांत तो कितीतरी पट जास्त आढळतो.

‘काहीतरी नैसर्गिक द्या’ असंही म्हणतात. या आजारावरचं पहिलं गुणकारी औषध नैसर्गिकच होतं. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे यांनी शेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे १९१९ पर्यंत जगली, त्यासाठी शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या परदेशात आजही मिळतात. केंडल नावाच्या संशोधकाने १९१४ मध्ये शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं, आणि त्यामुळे आज आपल्या गोळीतल्या औषधासाठी कुठल्याही जनावराची ग्रंथी लागत नाही. माळकरी असो, जैन असो की मुसलमान, या औषधाशी कुणाचंच वाकडं यायचं कारण नाही. शिवाय ते शरीराला परकंही नाही. आपली ग्रंथी जे बनवायची तेच ते आहे.

मागच्या एका नवरात्रात रोज पहाटे अनवाणी कर्णपुऱ्याच्या देवीला जाणाऱ्या एक काकू दुकानात आल्या. चेहरा सुजलेला, आवाज इतका घोगरा की आधी ओळखूच आला नाही, बोटातली अंगठी रुतून बसलेली. श्रावणापासून त्यांनी गोळी बंद केली होती. म्हणाल्या, ‘देवी बघून घेईल.’ त्या सासूबाईंची साखरेची गोळी न्यायला आल्या होत्या. ती आदल्या रात्री संपलेली लक्षात आल्यावर त्यांना झोप लागली नव्हती. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन थांबल्या होत्या, घरी आरती खोळंबलेली. सासूसाठी आरती थांबते आणि स्वतःसाठी घोटभर पाणीही व्रताच्या आड येतं! त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला.

शास्त्र काय म्हणतं ते मी शोधलं. महाभारतात, विदुरनीतीत, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी मोजून सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध त्यात आहेत. आपला सगळा फराळ याच आधारावर उभा आहे. त्याच यादीत औषधही आहे. रताळं आणि केळी आपण उचलली आणि औषध तेवढं विसरलो. पहाटेचा चहा उपवासाला चालतो असं आपणच ठरवलं, त्याला तर कुठल्या ग्रंथाचा आधारही शोधला नाही. चरकाने उपचाराचे तीन प्रकार सांगताना जप-होम आणि युक्तीने दिलेलं औषध यांना शेजारी शेजारी बसवलं आहे. दुसरं घेतलं म्हणून पहिल्यावरची श्रद्धा कमी होते, असं त्याला वाटलं नाही.

रोशन गेटकडून येणाऱ्या एक बाजी रमजानच्या आधी विचारतात, ‘रोज़े में कैसे लेना?’ दिवसा गोळी गिळली तर रोजा तुटतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण वेळ बदलता येते. सहरीला उठल्याउठल्या घेऊन खाण्याआधी अर्धा-पाऊण तास सोडायचा, किंवा इफ्तारनंतर तीनेक तास पोट रिकामं ठेवून झोपताना घ्यायची. डॉक्टरांना विचारून त्या तसंच करतात. आजाऱ्याला तर कुराणाने रोजा पुढे ढकलायचीच मुभा दिली आहे. राजाबाजारातल्या जैन भगिनी नवकारसीचा नियम पाळतात, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात काही नाही. त्या वेळ टळल्यावर गोळी घेतात आणि तासाभराने नाश्ता. पच्चक्खाणाच्या, म्हणजे व्रताच्या संकल्पाच्या, पाठातच आजारपणाची सवलत असते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

रुग्णासाठी दार कोणत्याच धर्माने लावलेलं नाही. ते आतून आपणच लावून घेतो.

गोळी बंद केली की लगेच काही होत नाही, आणि तिथेच फसगत होते. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणून एकादशीला एखादी गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. नऊ दिवस सोडली तर मात्र निम्म्याहून जास्त साठा सरतो, तरीही दसऱ्याला बाई हिंडतीफिरती असते आणि देवीने राखलं म्हणते. बाकीचं सगळं दिवाळीत निघतं. तेव्हा थकवा, बद्धकोष्ठता, उदासपणा येतो आणि फराळाच्या कामाचा शीण म्हणून खपून जातो. गरोदर बाईने तर हा प्रयोग चुकूनही करू नये. सुरुवातीच्या महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर होत असते.

संत एकनाथांचं पैठण आमच्याच जिल्ह्यातलं. रामेश्वराला वाहायची कावड नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा इथल्या प्रत्येक बाईला पाठ आहे आणि ती सांगताना तिचे डोळे भरून येतात. गाढवात देव पाहायला आम्ही शिकलो. आपल्या स्वतःच्या थकलेल्या, सुजलेल्या देहात तो पाहायला मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. भूतदयेतून स्वतःला वगळणं म्हणजे भक्ती नव्हे, असं माझं ठाम मत आहे. कुणाच्या भावना दुखावल्या तरी मी ते काउंटरवर बोलते.

तेव्हा यंदा घट बसवाल त्या पहाटे उठल्याबरोबर आधी गोळी आणि साधं पाणी घ्या. चहा नको. अंघोळ, पूजा, आरती होईपर्यंत तासभर जातोच, आणि गोळीला तेवढाच वेळ हवा असतो. मग खुशाल फराळ करा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी घ्या. गोळी कायमची सोडावीशी वाटत असेल तर टीएसएचचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि ‘मला ही का लागते?’ असं उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि घरात कुणी उपवासापायी गोळी थांबवली असेल, तर दसऱ्याची वाट न पाहता आजच तिला ती आपल्या हाताने द्या.